लोककथा, निसर्ग आणि वारसा : जालना जिल्ह्यातील गोष्टी पुढच्या पिढीला कोण सांगणार?

यार्देन नदी ओलांडल्यावर यहोशवाने बारा वंशांतील बारा माणसांना नदीच्या पात्रातून एकेक दगड उचलून आणण्यास सांगितले आणि ते दगड गिलगाल येथे उभे केले, हे यहोशवाच्या पुस्तकातील चौथ्या अध्यायात आपण वाचतो. पुढे कधी मुलांनी त्या दगडांविषयी विचारले, तर वडिलांनी त्यांना नदी पार केल्याची कथा सांगावी, हा त्यामागील हेतू होता. दगड, मुलाचा प्रश्न आणि वडिलांचे उत्तर या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे वारसा जिवंत राहतो. उत्तर देणारा उरला नाही, तर दगड तेवढा राहतो आणि त्याचा अर्थ हरवतो.

१९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात जालना जिल्ह्याचा समावेश होतो. या जिल्ह्यात असे अर्थपूर्ण दगड, टेकड्या, नद्या, विहिरी आणि झाडे ठिकठिकाणी आहेत. त्यांच्या कथा सांगणारी पिढी मात्र आता वृद्ध झाली आहे. लोककथा ही करमणुकीची जुनी गोष्ट असून शिकलेल्या माणसांना तिची गरज नाही, असा समज आपल्यातही आढळतो. वास्तविक, ज्या जागेची गोष्ट माणसाला ठाऊक असते ती जागा त्याला आपली वाटते आणि जी जागा आपली वाटते तिची तो काळजी घेतो. निसर्ग आणि वारसा जपण्याच्या कार्यात कथेचे स्थान कोणते, याचा विचार आम्ही या लेखात जालना जिल्ह्याच्या आधारे करीत आहोत.

भूमीला ओळख देणाऱ्या कथा

१ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. दक्षिणेला गोदावरी, मधून वाहणारी दुधना, उत्तरेकडे पूर्णा आणि जालना शहराच्या मधून जाणारी कुंडलिका या येथील परिचित नद्या आहेत. जिल्हा नवा असला, तरी भूमी फार जुनी आहे आणि तिच्या नावांत कथा साठलेल्या आहेत.

जालना शहराविषयी दोन आख्यायिका सांगितल्या जातात. एका आख्यायिकेनुसार सीतेचे वास्तव्य येथे होते आणि गावाचे नाव जानकीपूर होते. दुसरीनुसार येथील एका धनाढ्य मुस्लिम व्यापाऱ्याच्या विणकरीच्या, म्हणजे जुलाह्याच्या, व्यवसायावरून 'जालना' हे नाव पडले. 'जालना सोने का पालना' ही म्हण तर सर्वांच्या तोंडी आहे. एकाच गावाच्या नावात रामकथा, विणकराचा माग आणि बाजारपेठेचे वैभव एकत्र नांदते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आपले गाव कोणा एकाचे नाही, हे मुलांना शिकवण्यासाठी याहून सोपा धडा शोधावा लागणार नाही.

अंबड येथील मत्स्योदरी देवीचे मंदिर ज्या टेकडीवर आहे, तिचा आकार माशासारखा असल्याचे सांगतात आणि त्यावरूनच देवीला ते नाव मिळाले. पावसाची वाट पाहणाऱ्या या प्रदेशात लोकांनी टेकडीकडे पाहिले आणि त्यांना तिच्यात मासा दिसला. घनसावंगी तालुक्यातील जांब हे १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांचे जन्मगाव आहे. भोकरदन तालुक्यातील राजूरचा गणपती पंचक्रोशीतील लोकांना एकत्र आणतो. ही आपल्या शेजाऱ्यांची श्रद्धास्थाने आहेत. त्यांच्या कथा आदराने जाणून घेतल्याने आपल्या श्रद्धेला उणेपणा येत नाही, उलट शेजारधर्म अधिक दृढ होतो.

पक्षी, नक्षत्रे आणि काळी आई

निसर्गविषयक ज्ञान पूर्वी पुस्तकातून मिळत नसे. ते बोलण्यातून, म्हणींतून आणि गोष्टींतून मिळे. उन्हाळा सरत आला की पावशा पक्षी ओरडू लागतो. शेतकऱ्याच्या कानाला त्या ओरडण्यात 'पेरते व्हा, पेरते व्हा' असे शब्द ऐकू येतात. ज्या मुलाला हे एकदा सांगितले आहे, ते मूल तो आवाज आयुष्यभर ओळखते, मग पक्ष्याचे शास्त्रीय नाव त्याला ठाऊक असो वा नसो. टिटवीने शेतात उंचवट्यावर अंडी घातली, तर त्या वर्षी पाऊस चांगला होईल, असा समज आहे. हा समज दरवर्षी खरा ठरतोच असे नाही. परंतु त्यामुळे माणूस शेतात खाली वाकून पाहतो आणि टिटवीच्या अंड्यांवर नांगर फिरवण्यापूर्वी क्षणभर थांबतो. मृगापासून हस्तापर्यंतची पावसाची नक्षत्रे आणि त्यांची कोल्हा, मोर, बेडूक अशी वाहने आजही गावातील वृद्धांना पाठ असतात.

प्रभू येशूची शिकवण्याची रीतही अशीच होती. आकाशातील पाखरांकडे आणि रानातील फुलांकडे पाहण्यास त्याने शिष्यांना सांगितले. मोहरीचा दाणा, अंजिराचे झाड, द्राक्षवेल, पेरणारा शेतकरी हे त्याचे दाखले होते. जालना शहर आज देशभर बियाण्यांच्या उद्योगासाठी ओळखले जाते. पेरणाऱ्याचा दाखला येथील श्रद्धावंतांना समजावून सांगावा लागत नाही. खडकाळ जमिनीवर पडलेल्या बीचे काय होते, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते.

आपला शेतकरी जमिनीला 'काळी आई' म्हणतो. असिसीच्या संत फ्रान्सिसने सुमारे १२२५ साली रचलेल्या सृष्टीच्या स्तवनगीतात पृथ्वीला बहीण आणि माता असे संबोधले आहे. इटलीतील त्या संताने आणि मराठवाड्यातील निरक्षर आजीने जमिनीशी एकच नाते जोडावे, याचे आपल्याला आश्चर्य वाटायला नको. सृष्टी देवाची आहे, ही जाणीव दोघांच्याही अंतःकरणात होती.

आख्यायिका आणि इतिहास

कथा सांगताना एक विवेक मात्र पाळावा लागतो. आख्यायिका कोणती आणि इतिहास कोणता, हे श्रोत्याला कळले पाहिजे. दोन्हींना आपापले स्थान आहे.

भोकरदन हे याचे उत्तम उदाहरण आहे. केळना नदीकाठच्या या गावाचे प्राचीन नाव भोगवर्धन होते. भोगवर्धन येथील दात्यांचे उल्लेख सांची व भारहूत येथील स्तूपांवरील शिलालेखांत सापडतात. १९७० च्या दशकात येथे झालेल्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक भाग मिळाला. इटलीतील पाँपेई या शहराच्या अवशेषांत १९३८ साली सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी त्याचे बरेच साम्य आहे. त्यामुळे पाँपेईची मूर्ती भोकरदनच्या परिसरात घडली असावी, असे मत काही अभ्यासकांनी मांडले. पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे ज्या काळात संत पेत्र आणि संत पौल रोममध्ये रक्तसाक्षी झाले, त्याच काळात दख्खनच्या कारागिरांची कला रोमन जगात पोहोचत होती. ही आख्यायिका नाही, भूमीतून बाहेर आलेला पुरावा आहे. भोकरदनच्या किती मुलांना ही हकीकत ठाऊक असेल?

याच जिल्ह्यातील असई गावाजवळ २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या सैन्याची इंग्रजांशी लढाई झाली. वाटाड्यांनी केळना नदीला जवळपास उतार नसल्याचे सांगितले होते. परंतु नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर वसलेली दोन गावे इंग्रज सेनापती वेलस्ली याला दिसली. अशा गावांमध्ये ये-जा असणारच आणि त्यासाठी उतारही असणारच, हे त्याने ताडले आणि तेथूनच सैन्य नदीपार नेले. या लढाईत हजारो माणसे मृत किंवा जखमी झाली. युद्धाचा गौरव करण्यासाठी आम्ही ही हकीकत सांगत नाही. नदी, गावे आणि वाटा यांचे नाते ज्याला वाचता येते, त्याला भूमी आपले रहस्य सांगते, एवढेच त्यातून दाखवावयाचे आहे. एका परक्या सेनापतीने क्षणात ओळखलेले हे नाते आपल्या मुलांना आपल्याच नदीविषयी ठाऊक नसावे, ही खेदाची गोष्ट होय.

पाण्याची कथा

जालना जिल्ह्यात वर्षाला सरासरी ६५० ते ७५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही बेभरवशाचा असतो. म्हणूनच येथील वारसा बऱ्याच अंशी पाण्याचा वारसा आहे. अंबड हा होळकरांच्या ताब्यातील परगणा होता. तेथील जुन्या बारवांचा संबंध अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाशी जोडला जातो. बारव म्हणजे पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येईल अशी दगडी विहीर. जालना शहरातील मोती तलाव मलिक अंबरच्या काळातील जमशेदखानाने बांधल्याचे सांगितले जाते. शहराला दीर्घकाळ पाणी पुरवणारा घाणेवाडीचा तलाव निजामाच्या राजवटीत बांधला गेला. त्याच्याशी बेझनजी फरिदूनजी जालनावाला या पारशी गृहस्थांचे नाव निगडित आहे आणि आज तो संत गाडगेबाबा जलाशय म्हणून ओळखला जातो. हिंदू राणी, मुस्लिम अंमलदार, पारशी गृहस्थ आणि कीर्तनातून स्वच्छता शिकवणारे संत यांच्या आठवणी या जिल्ह्याच्या पाण्यात एकत्र झाल्या आहेत.

२०१२-१३ च्या भीषण दुष्काळात जिल्ह्यातील जलसाठे आटले, शहराला टँकरवर अवलंबून राहावे लागले आणि शेतकऱ्यांच्या डोळ्यांदेखत मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. त्या काळात घाणेवाडीचा गाळ काढण्यासाठी नागरिक पुढे आले. तलाव कोणी बांधला, त्यावर शहराच्या किती पिढ्या जगल्या, हे लोकांना पुन्हा आठवले. नळाला पाणी येत असताना विस्मृतीत गेलेला तलाव संकटकाळी स्मरणात आला. अनेक बारवांचेही असेच झाले. नळ आला तेव्हा बारवेवरचे येणे-जाणे थांबले, मग तिची गोष्ट थांबली आणि अखेर तिच्यात कचरा पडू लागला. गेल्या काही वर्षांत राज्यभर बारवांच्या नोंदी करण्याची व त्या स्वच्छ करून महाशिवरात्रीला तेथे दिवे लावण्याची चळवळ सुरू झाली आहे. तिचे आपण स्वागत केले पाहिजे.

जालना तालुक्यातील कडवंची गावाची कथा तर आपल्या काळातील आहे. भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली १९९० च्या दशकात येथे काम सुरू झाले. गावकऱ्यांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खोदले, बांध घातले आणि पुढे शेततळी केली. आज हे गाव द्राक्षबागांसाठी प्रसिद्ध आहे. या कार्यक्रमाची कल्पना आकाराला आणण्यात स्वित्झर्लंडमधून आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांचा मोठा वाटा होता. महाराष्ट्रातील कोरडवाहू शेतकऱ्यांमध्ये त्यांनी आपले आयुष्य वेचले. धावते पाणी चालायला लावावे, चालते पाणी थांबवावे आणि थांबलेले पाणी जिरवावे, हे सूत्र पाणलोटाच्या कामातून गावोगाव पोहोचले. तेही आता एका म्हणीसारखे लोकांच्या तोंडी बसले आहे. नवी लोककथा अशीच जन्माला येते.

विहीर कोणाची होती?

जुन्या गोष्टी सगळ्याच गोड नसतात. गावच्या पाणवठ्यावर सर्वांना पाणी भरता येत नव्हते, हा आपला इतिहास आहे. मराठवाड्यातील अनेक ख्रिस्ती कुटुंबांच्या पूर्वजांनी हा अपमान सोसला. पायऱ्यांच्या वर उभे राहून, कोणी दया करून ओंजळीत पाणी ओतील याची वाट पाहणाऱ्या बायाबापड्यांच्या आठवणी घराघरांत आहेत. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाड येथे चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते याच अन्यायाविरुद्ध.

संत योहानच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचावा. प्रभू येशू याकोबाच्या विहिरीवर बसतो आणि एका शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो. ती चकित होते, कारण तिच्या हातचे पाणी यहुदी माणूस पिणार नाही, हे तिला ठाऊक आहे. ती विहिरीचा इतिहासही जाणते. आपला पूर्वज याकोब याने ही विहीर दिली, हे ती अभिमानाने सांगते. प्रभू तिची कथा ऐकून घेतो, तिच्या हातचे पाणी मागून जुनी भिंत पाडतो आणि तिला जिवंत पाण्याची ओळख करून देतो. वारसा सांगताना आपलीही दृष्टी अशीच असावी. ज्या बारवेच्या शिल्पकामाचे आपण कौतुक करतो, तिच्या पायऱ्या कोणाला बंद होत्या, हेही मुलांना सांगितले पाहिजे. सत्य वगळून सांगितलेला वारसा अर्धाच राहतो.

जात्यावरची ओवी आणि ख्रिस्ती परंपरा

लोककथेचे मोठे भांडार स्त्रियांनी सांभाळले. पहाटे दळण दळताना त्यांनी ओव्या गाइल्या. त्यांत माहेर होते, पाऊस होता, शेत होते, भाऊ होता आणि देवही होता. पिठाच्या गिरण्या आल्या, जाते थांबले आणि ओवीही मुकी झाली. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवां या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांत फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांचे हे कार्य झाले नसते, तर त्यांतील कितीतरी ओव्या गाणाऱ्या स्त्रियांबरोबरच मातीत गेल्या असत्या.

ओवी ही ख्रिस्ती श्रद्धेलाही परकी नाही. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी दहा हजारांहून अधिक ओव्यांत रचलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोमंतकात छापले गेले. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज धर्मगुरूने तारणाचा इतिहास मराठी माणसाच्या परिचयाच्या छंदात सांगितला. पुढे १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग व कीर्तनाच्या मार्गाने हेच कार्य प्रोटेस्टंट मंडळीत केले.

जालन्यालाही स्वतःचा ख्रिस्ती वारसा आहे. १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी स्कॉटिश मिशनच्या वतीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराजवळ ख्रिस्ती लोकांची वसाहत उभारली आणि तिला 'बेथेल' असे नाव दिले. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब उशाला दगड घेऊन उघड्यावर झोपतो, स्वप्नात स्वर्गापर्यंत पोहोचलेली शिडी पाहतो आणि त्या जागेला बेथेल, म्हणजे देवाचे घर, म्हणतो. घरदार सुटलेल्या माणसांच्या वस्तीला हे नाव देणाऱ्याने एका शब्दात अख्खी कथा ठेवली होती. ही मंडळी आपल्याहून वेगळ्या ख्रिस्ती परंपरेची असली, तरी हा वारसा आपल्या सर्वांचा आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालच्या धर्मप्रसारविषयक आदेशपत्रात ख्रिस्ती लोकांना आपल्या देशबांधवांच्या परंपरांशी परिचित होण्यास आणि त्यांत दडलेली वचनाची बीजे आदराने शोधण्यास सांगितले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात निसर्गाच्या वारशाबरोबर ऐतिहासिक आणि सांस्कृतिक वारसाही धोक्यात असल्याकडे लक्ष वेधले. माणसाचा देवाशी असलेला स्नेह विशिष्ट जागांशी जोडलेला असतो आणि बालपणीच्या डोंगराकडे किंवा झऱ्याकडे परतणे म्हणजे स्वतःकडे परतणे होय, असा विचारही त्यात आहे. २०२० सालच्या जागतिक संपर्क माध्यम दिनाच्या संदेशासाठी त्यांनी कथाकथन हाच विषय निवडला होता. देवाने केलेली कृत्ये मुलानातवंडांना सांगण्याची निर्गम ग्रंथातील आज्ञा हा त्याचा आधार होता.

धर्मग्रामात काय करता येईल?

प्रिय बंधुभगिनींनो, या कार्यासाठी मोठा निधी लागत नाही. श्रद्धाशिक्षण वर्गातील मुलांनी आपल्या आजी-आजोबांना पाच प्रश्न विचारावेत : गावाला हे नाव कसे पडले? जुनी विहीर कोणी खोदली आणि तिचे पाणी कोणाला मिळत असे? दुष्काळात लोक काय खाऊन जगले? कोणते झाड कोणी तोडत नसत आणि का? आपल्या घरात ख्रिस्ती श्रद्धा कशी आली? उत्तरे सांगणाऱ्याच्याच बोलीत लिहावीत, त्यांना पुस्तकी भाषेत बसवू नये. सांगणाऱ्याची परवानगी घेऊन मोबाईलवर आवाज जतन करावा. नाव, गाव आणि तारीख यांची नोंद ठेवावी. जे ऐकीव आहे ते ऐकीव म्हणूनच लिहावे. केवळ ख्रिस्ती घरांपुरते न थांबता शेजारच्या हिंदू, मुस्लिम आणि बौद्ध वृद्धांकडेही जावे.

त्यानंतर मुलांना प्रत्यक्ष त्या जागी न्यावे. विहिरीची गोष्ट विहिरीच्या काठी बसून सांगावी आणि गोष्ट झाल्यावर तेथील कचरा सर्वांनी मिळून उचलावा. गोष्ट ऐकलेले हात कामाला लवकर लागतात.

यासाठी उपासना वर्षात दोन सोयीचे प्रसंग आहेत. २०२१ पासून जुलै महिन्यातील चौथा रविवार, संत योवाकिम आणि संत आन्ना यांच्या सणाच्या सुमारास, आजी-आजोबांचा जागतिक दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी वृद्धांचा सत्कार करून त्यांना बोलते करावे. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा सृष्टीचा काळ म्हणून पाळला जातो. त्या काळात गोळा केलेल्या कथा मिस्सानंतर वाचून दाखवाव्यात.

घरातील वृद्ध माणूस गेले की आपण त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करतो, कबरेवर क्रूस उभारतो आणि वर्षश्राद्धाची मिस्सा अर्पण करतो. ते आवश्यकच आहे. परंतु त्यांच्याबरोबर गेलेल्या गोष्टी पुन्हा मिळत नाहीत. त्या ऐकण्याची वेळ ते आपल्यात असतानाची आहे. येत्या रविवारी मिस्सा आटोपून घरी गेल्यावर प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील किंवा शेजारच्या सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ अर्धा तास बसावे आणि त्यांना एकच गोष्ट विचारावी, अशी आमची सर्व श्रद्धावंतांना नम्र विनंती आहे.